मदत हवी आहे: सिम्युलेशनमध्ये ऑसिलेटर सुरूच होत नाही

नमस्कार मंडळी. एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑप-अँपचा (अँप्लिफायर चिपचा) वीन ब्रिज ऑसिलेटर, म्हणजे साइन लहर तयार करणारं सर्किट, काढलाय. दोन्ही रेझिस्टर १० किलोओहम, कपॅसिटर १५ नॅनोफॅरड, म्हणजे वारंवारता १ किलोहर्ट्झच्या थोडं वर. अँप्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ३ च्या वर हवा म्हणून ३.२ ठेवलाय. ब्रेडबोर्डवर हेच सर्किट सप्लाय देताच चालू होतं. सिम्युलेशनमध्ये मात्र १० मिलिसेकंद नुसती सपाट रेष!

माझा अंदाज असा: सिम्युलेटर आधी डीसी ऑपरेटिंग पॉइंट (सर्किटची स्थिर अवस्था) शोधतो आणि तिथेच अडकतो, कारण ट्रान्झियंटमध्ये (वेळेनुसार चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये) खऱ्या सर्किटसारखा नॉइज नसतो. एका कपॅसिटरला सुरुवातीचे १० मिलिव्होल्ट दिले की लहर वाढू लागते.

पण हे बरोबर आहे का? की सप्लायच शून्यापासून चढवावा? आणि कमाल टाइमस्टेप (गणनेतल्या दोन क्षणांमधलं अंतर) किती ठेवता? कृपया अनुभवींनी सांगा, दोन दिवस याच्यातच गेलेत.