चार ओहमचे स्पीकर आणि रिसीव्हरचा दम

सोफ्यावरून (धागाकर्ता)
पुढचे दोन टॉवर आणि मधला स्पीकर नुकतेच बदलले. कागदावर लिहिलंय: अवरोध 4 ओहम, संवेदनशीलता (ठरावीक व्होल्टला किती मोठा आवाज) 84 डेसिबल (2.83 व्होल्ट, 1 मीटर). रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अँप त्यातच) जुनाच आहे, सात चॅनलचा, म्हणजे सात स्पीकर चालवणारा. खोक्यावर ठळक अक्षरांत 'प्रत्येक चॅनलला 150 वॅट'. सोफा स्पीकरपासून साडेतीन मीटरवर. संवाद स्वच्छ, हळू आवाजात गाणी तर सुरेख. पण आवाज रिसीव्हरच्या डेसिबल पट्टीवर -10 वर नेला आणि पडद्यावर हाणामारी सुरू झाली की सगळं कर्कश होतं. परवा एका स्फोटाला रिसीव्हर टक् करून बंदच पडला, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झाला. मित्र म्हणतो वेगळा पॉवर अँप (फक्त स्पीकरना ताकद देणारं खोकं) घे. घरचे म्हणतात आवाज कमी कर. कोणाचं ऐकू?

खरखर
मित्राचं. खोक्यावरच्या 150 वॅटखालची बारीक अक्षरं वाचा. '6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 1 चॅनल चालू' असं काहीतरी सापडेल. म्हणजे बाकीचे सहा चॅनल गप्प आणि परीक्षेला एकच सोपा सूर. प्रत्यक्षात सातही जण एकाच ट्रान्सफॉर्मरच्या पंगतीला बसतात. असल्या फुगवलेल्या आकड्यांमुळेच अमेरिकेत 1974 मध्ये वॅट कसे मोजून जाहिरातीत छापायचे याचा नियम करावा लागला होता. तरी खोकी बोलतात ती बोलतातच.

तारतम्य
निदान पटतंय, औषध नाही. आधी हिशेब करू. साडेतीन मीटरवर मोकळ्या जागेत सुमारे 11 डेसिबल घटतात, खोलीच्या भिंती त्यातले 3 परत देतात असं धरू. म्हणजे 2.83 व्होल्टला सोफ्यावर 76 डेसिबल. रिसीव्हरचा आवाज माइकने जुळवलेला असेल तर 0 वर मुख्य चॅनलचं शिखर 105 डेसिबल येतं. तुम्ही -10 वर ऐकता, तेव्हा शिखर 95. आता 4 ओहमवर लागणारे वॅट बघा: -20 वर 16, -10 वर 160, 0 वर 1600. दर दहा डेसिबलला दहापट. 300 वॅटचा अँप आणलात तर 160 च्या वर जेमतेम पावणेतीन डेसिबल मिळतील. तेवढ्यासाठी दुसरं धूड घरात?

खरखर
अहो, पण तुम्ही 160 पासून मोजताय! त्यांचा रिसीव्हर 4 ओहमवर 160 देतोय हे कोणी ठरवलं? बंद पडतोय म्हणजे देत नाहीये. तो 60 ला धापा टाकत असेल, तर 300 म्हणजे 7 डेसिबलची उडी. ती कानाला चांगलीच कळते.

तारतम्य
60 हा आकडा तुम्ही हवेतून काढलात.

खरखर
आणि तुमचे भिंतींचे 3?

ओहमकार
दोघंही वॅटवर भांडताय, इथे जीव जातोय तो करंटवर. 95 डेसिबलला साधारण 25 व्होल्ट लागतात, 4 ओहमवर सव्वासहा अँपिअर. '4 ओहम' हा झाला कागदावरचा आकडा. आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या) मानकाप्रमाणे प्रत्यक्ष अवरोध त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 3.2 ओहमपर्यंत उतरू शकतो. तिथे तेच 25 व्होल्ट जवळपास 8 अँपिअर ओढतात. त्यात करंट आणि व्होल्टेज यांचा ताल चुकला, म्हणजे फेज कोन मोठा असला, तर आउटपुट ट्रान्झिस्टर आणखी तापतात. रिसीव्हर बंद पाडणारं संरक्षण सर्किट उगाच रुसत नाही.

आणखी एक मेख. 84 डेसिबल हा आकडा 2.83 व्होल्टचा आहे. 8 ओहमवर तो 1 वॅट होतो, 4 ओहमवर 2 वॅट. म्हणजे वॅटच्या भाषेत तुमचा स्पीकर 81 चाच. छापील आकड्याने स्पीकरचा आळस झाकलाय.

निवांतराव
एक प्राथमिक प्रश्न. टॉवर सेटिंगमध्ये 'लार्ज' आहेत की 'स्मॉल'? आणि सबवूफर (खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) आहे ना?

सोफ्यावरून
सबवूफर आहे. टॉवर 'लार्ज'वर. एवढे उंच स्पीकर, 'स्मॉल' कसं ठेवणार?

निवांतराव
नावावर जाऊ नका, तिथे उंचीचा संबंध नाही. 'स्मॉल' करा आणि 80 हर्ट्झवर तोडा. स्फोटाचा खालचा गडगडाट सबकडे जाईल, त्याच्या पोटात स्वतःचा अँप असतो. रिसीव्हरच्या डोक्यावरची सर्वांत जड पाटी उतरेल, तीही फुकटात.

ओहमकार
+१, पण भरवसा ठेवू नका. पुष्कळ टॉवरची अवरोधाची खोल दरी 100 ते 200 हर्ट्झमध्ये असते. 80 ला तोडून ती चुकत नाही. स्पीकरचा अवरोध आलेख मिळाला तर इथे टाका.

बिनतारी
मेनूत अवरोध 4 ओहम करायची सोय असेल. ती चालू करा, प्रश्न मिटला.

ओहमकार
ठाम असहमत. बहुतेक रिसीव्हरमध्ये त्या सेटिंगने आतलं पुरवठ्याचं व्होल्टेज खाली येतं. उष्णता घटते, तशी ताकदही. बंद पडणार नाही कदाचित, पण कर्कशपणा आणखी कमी आवाजालाच सुरू होईल. बरं, रिसीव्हरच्या वर पाच बोटं मोकळी जागा आहे का? अर्धे 'अशक्त' अँप बंद कपाटात कोंडलेले असतात.

बिनतारी
बरं, पण जास्त ताकदीचा अँप आणून ट्वीटर (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) जाळून घेतला तर?

खरखर
उलट आहे. ट्वीटर जळतात ते कमजोर अँप रेटल्याने. लाटेचा माथा छाटला गेला की ती चौकोनी होते, आणि पूर्ण चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या साइन लाटेच्या दुप्पट शक्ती असते.

तारतम्य
अर्धं खरं. 20 वॅटचा अँप छाटला गेला म्हणून ट्वीटर आपोआप जळत नाही. जळतो तो माणूस आवाज वाढवतच राहतो म्हणून. खालचे सूर मर्यादेला अडकतात, वरचे वाढत जातात, सरासरी ट्वीटरच्या झेपेबाहेर जाते. मोठा अँप आणि मोकाट हात असले तरी राख तीच. कर्कश झालं की मागे फिरायचं, एवढी समज कुठल्याच अँपच्या खोक्यात मिळत नाही.

सोफ्यावरून
सर्वांचे आभार, काल करून पाहिलं. टॉवर आणि मधला 'स्मॉल', 80 हर्ट्झ. रिसीव्हर कपाटातच होता (ओहमकार, तुम्ही घरी येऊन गेलात का?), तो बाहेर काढला. तोच स्फोट -10 वर तीनदा लावला, एकदाही बंद पडला नाही. कर्कशपणा मात्र -8 च्या पुढे अजून आहे, बराचसा मधल्या स्पीकरमधून.

खरखर
म्हणजे पॉवर अँप हवाच!

तारतम्य
म्हणजे -10 वर ऐका. घरचेही खूश.

खरखर
माणूस स्पीकर दमदार ऐकायला घेतो, घरच्यांना खूश करायला नाही. तीन चॅनलचा अँप घ्या, 4 ओहमचा आकडा 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ असा पूर्ण पट्ट्यावर छापलेला बघूनच. प्रीआउटमधून (रिसीव्हरच्या मागची, बाहेरच्या अँपला सिग्नल देणारी जोडणी) पुढचे तीन त्याला जोडा. अँपच्या नेहमीच्या 29 डेसिबल गेनला (व्होल्टेज वाढवण्याच्या प्रमाणाला) प्रीआउटचा 1 व्होल्ट पुरतो, तेवढ्यात 28 व्होल्ट निघतात. मागचे स्पीकर रिसीव्हरकडेच राहू द्या.

सोफ्यावरून
आत्ता टॉर्च घेऊन मागे वाकून आलो. प्रीआउट एकच आहे. सबवूफरचं.

खरखर
अरे देवा.

निवांतराव
-10 काही वाईट नसतं हो.