शब्दचर्चा: हृदयावरचा 'डाग', 'वण' की 'व्रण'? आणि रक्तातून येणाऱ्या पेशींना काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितेय. बाबांना शिगम्याच्या आधी हार्ट अटॅक येऊन गेला, आता बरे आहेत, अंगणापर्यंत फिरतात, पण एका शब्दाने त्यांची झोप उडवलीय म्हणून विचारतेय. इको काढायला गेलो होतो तिथे रिपोर्ट हातात देताना सांगितलं, "हृदयावर डाग पडलाय." बस्स, एवढंच. बाबा घरी येईपर्यंत गप्प, आणि रात्री जेवून झाल्यावर विचारतात, "हा डाग औषधाने जाईल ना गो? की पसरत जाणार?"

आता डाग म्हटलं की आपल्याकडे एक तर धुऊन जाणारी गोष्ट नाहीतर फुफ्फुसावरचा डाग, म्हंजे टीबी किंवा त्याहून वाईट. दोन्ही अर्थ इथे लागू नाहीत. मला जेवढं कळलंय ते असं की रक्त न पोचल्यामुळे स्नायूचा एक तुकडा मरतो आणि हृदयाच्या स्नायूपेशी नव्याने जवळजवळ तयारच होत नाहीत (2009 साली स्वीडनच्या संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 वरून या पेशींचं वय काढलं, तर पंचविशीत वर्षाला साधारण 1 टक्का पेशी बदलतात आणि पंचाहत्तरीला अर्ध्या टक्क्याहूनही कमी), त्यामुळे मेलेल्या जागी स्नायू परत येत नाही, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं घट्ट विणकाम होतं. ते आकुंचन पावत नाही, पण भिंत फाटू देत नाही. म्हंजे बाबांचा जीव ज्याच्यामुळे टिकलाय त्यालाच आपण 'डाग' म्हणतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

मी वाचनालयासाठी चार पानांची माहिती मराठीत लिहितेय. दोन शब्द अडलेत. एक, या विणकामाला काय म्हणायचं. दुसरा, हे घडवून आणायला ज्या पेशी रक्तातून येतात त्यांना काय म्हणायचं. एका ठिकाणी 'रक्तजन्य भक्षक पेशी' वाचलं आणि घाबरायलाच झालं.

*

फोंड्याहून:

बाय, पहिल्या शब्दाबद्दल सांगतो. 'व्रण' लिहू नकोस असं माझं मत. आयुर्वेदात व्रण म्हणजे जखमच, वाहणारी, चिघळणारीसुद्धा. सुश्रुताने त्याची व्युत्पत्ती देताना म्हटलंय की जखम भरून आली तरी तिची खूण, तो तिला 'व्रणवस्तु' म्हणतो, देह असेपर्यंत जात नाही म्हणून तो व्रण. मराठीत बोलता बोलता हा खुणेचा अर्थच पुढे आला आणि जखमेचा मागे पडला, पण पुरता गेला नाही, पोटातल्या अल्सरलाही आपण व्रणच लिहितो. मग 'हृदयाला व्रण' वाचणाऱ्याला आत उघडी जखम आहे असं वाटलं तर त्याचा काय दोष?

'वण' हा त्याचाच घरगुती झालेला शब्द आणि तो फक्त भरलेल्या जागेसाठी. पूर्वी तोंडावर देवीचे वण असलेली माणसं प्रत्येक वाड्यावर असायची, त्यामुळे शब्द जिवंत होता. देशात देवीचा शेवटचा रोगी 1975 सालचा, त्यानंतरच्या पोरांना वण ऐकून माहीत नाही. पोर्तुगीज शाळेत शिकलेले आमचे वडील सरळ 'सिकात्रिज' म्हणायचे, त्यांना वण सुचायचाच नाही.

आणि एक, 'स्नायू' आणि 'पेशी' हे दोन्ही शब्द मराठीत जागा बदलून बसलेत. सुश्रुताच्या पेशी 500 आणि स्नायू 900, पण त्याची पेशी म्हणजे आपला स्नायू आणि त्याचा स्नायू म्हणजे सांधे बांधणारे दोर. हिंदीत मांसपेशी अजून तशीच आहे. विश्वकोशात म्हणूनच बहुधा 'कोशिका' घेतला असावा. शाळेत मात्र पेशीच शिकवतात, तेव्हा तू पेशीच ठेव, पण पानावर एकदा सांग की पेशी म्हणजे शरीराची सगळ्यात लहान वीट.

*

पेडण्याहून:

ताई, मी बायोलॉजी शिकवतो. 'रक्तजन्य' तर पहिला काढून टाका. जन्य म्हणजे त्यातून जन्मलेलं, आणि या पेशी रक्तात जन्मत नाहीत, रक्त हा त्यांचा नुसता रस्ता. जन्म अस्थिमज्जेत. अटॅकनंतर काही तासांत न्यूट्रोफिल पोचतात, त्यांच्या मागोमाग मोनोसाइट, दोन्ही पांढऱ्या रक्तपेशींचेच प्रकार. आणि मोनोसाइट नुसत्या मज्जेतून येत नाहीत, पांथरीतूनही (प्लीहेतूनही) येतात, 2009 सालीच उंदरांवर दिसलं की पांथरीत त्यांचा साठा असतो आणि हृदयाला इजा झाली की तो रक्तात सुटतो. आपल्याकडे पांथरी म्हंजे मलेरियात सुजणारी एवढीच ओळख, म्हणून हे मुद्दाम लिहा.

हृदयात शिरल्यावर त्याच मोनोसाइटच्या मॅक्रोफेज होतात, म्हणजे तुम्ही वाचलेल्या त्या 'भक्षक पेशी'. थोड्या मॅक्रोफेज हृदयात आधीपासूनच असतात, अगदी भ्रूणावस्थेपासून, पण अटॅकनंतरची गर्दी मुख्यतः रक्तातून आलेल्यांची. सुरुवातीचे काही दिवस मेलेला स्नायू खाऊन जागा मोकळी करायची, मग त्यांची वागणूक बदलते आणि त्या टीजीएफ-बीटासारखी रसायनं सोडून हृदयातल्याच फायब्रोब्लास्टना कामाला लावतात. कोलॅजेन विणतात त्या या फायब्रोब्लास्ट.

इथे बरीच वर्षं वाद होता. 1994 साली रक्तात फिरणाऱ्या अशा पेशी सापडल्या ज्या स्वतः कोलॅजेन बनवू शकतात, फायब्रोसाइट नाव दिलं, मग वाटू लागलं की हृदयातला वणसुद्धा बाहेरून आलेल्या पेशीच विणत असतील. पण 2014 च्या सुमाराला उंदरांमधे पेशींवर कायमची खूण करून त्यांच्या पुढच्या पिढ्या कुठे जातात ते तपासलं, तेव्हा विणणाऱ्या बहुतेक पेशी हृदयातल्याच निघाल्या. म्हणून 'वण बनवणाऱ्या रक्तपेशी' असं कुठे लिहून आलं असेल तर तेही बदला.

*

मडगावहून:

मी नर्स आहे, 'भक्षक'बद्दल बोलते. हा शब्द कृपा करून नको. मराठीत भक्षक आला की समोर रक्षक उभा राहतोच, रक्षकच भक्षक झाला वगैरे. आमच्या वॉर्डात एका पेशंटच्या बायकोला मी कौतुकाने सांगायला गेले की भक्षक पेशी आपलं काम करतायत, तर ती रडायलाच लागली, तिला वाटलं नवऱ्याचं हृदय आतून कोणीतरी खातंय. मॅक्रोफेज हे नावही मोठी खाणारी याच अर्थाचं हे मला माहितेय, मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने 1882 साली मेसिनाला तारामाशाच्या पिल्लांत काटा खुपसून त्याच्याभोवती जमणाऱ्या पेशी बघितल्या आणि 1908 साली त्याला नोबेल मिळालं, हे आम्हाला शिकवलेलं. पण शब्द पेशंटच्या घरात जाणार असेल तर 'सफाईच्या पेशी' म्हणा.

*

पेडण्याहून:

सिस्टर, भक्षक नको हे एकदम पटलं. पण नुसती सफाई म्हटलं की अर्धं काम बाहेर राहतं. 2007 सालच्या एका प्रयोगात उंदरांच्या शरीरातल्या मॅक्रोफेज कमी करून बघितलं, तर मेलेला भाग तसाच पडून राहिला, भरणी नीट झाली नाही, हृदय जास्त फुगलं आणि जास्त उंदीर मेले. उलट बाजूने, या पेशी गरजेपेक्षा जास्त आल्या किंवा जास्त दिवस ठाण मांडून बसल्या की शेजारचा चांगला स्नायूही खराब होतो. हे दोन्ही सांगणारा एक शब्द मला तरी सुचत नाहीये.

*

डिचोलीहून:

सर, सिस्टर, सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी आयुष्यभर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम केलंय, दुकान आता भाऊ बघतो. ते खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले, आणि फायब्रोब्लास्टपाशी आल्यावर म्हणाले, "म्हणजे डाख दिलाय म्हण की."

डाख म्हणजे भांड्याची भेग वितळलेल्या धातूने बुजवणं. मग त्यांनी मला कोनाड्यातली जुनी कळशी आणायला लावली. तिच्या बुडाजवळ बोटभर लांब राखाडी रेघ आहे, मी लहानपणापासून बघतेय, कधी विचारलं नव्हतं. त्यावर अंगठा फिरवत म्हणाले, ही जागा तांब्याची नाही, इथे हातोडी मारली तर तांब्यासारखी वाकणार नाही, पण तीस वर्षं पाणी गळलेलं नाही. कोणी ही रेघ घासून काढायला गेला तर भोकच पडेल.

मी विचारलं, मग रक्तातून येणाऱ्या पेशी म्हणजे डाख का? तर नाही म्हणाले. त्या नवसागर, म्हणजे भांडी सांधताना वापरतात तो क्षार. डाख देण्याआधी तापल्या तांब्यावर नवसागर टाकायचा, तो मळ खातो, धूर होतो, नाकात जातो, आणि मगच डाख धरतो. नवसागराशिवाय डाख बसतच नाही, पण सांध्यात नवसागर नसतो. आणि काम झाल्यावर पुसला नाही तर तोच तांबं खातो, हिरवं करून टाकतो. पेडण्याच्या सरांना जो शब्द सापडत नव्हता तो बाबांना त्यांच्या धंद्यात सापडला, मला तर भरूनच आलं.

तेव्हा मी असं लिहायचं ठरवलंय: "हृदयाच्या भिंतीला वण आहे. मेलेल्या स्नायूच्या जागी शरीराने दिलेला हा डाख आहे." आणि पेशींसाठी, "रक्तातून मदतीला आलेल्या मॅक्रोफेज पेशी", पुढे नवसागराचं उदाहरण. डाग आणि व्रण दोन्ही काढले.

*

पेडण्याहून:

बाबांना माझा नमस्कार सांगा. उदाहरण तंतोतंत बसतंय, फक्त एक ओळ जोडा, डाखाचा धातू बाहेरून आणावा लागतो, हृदयाचा डाख मात्र हृदयातल्याच पेशी विणतात. नाहीतर मुलं पुन्हा त्याच 1994 च्या गोंधळात पडतील.

*

फोंड्याहून:

डाख हा शब्द मी कित्येक वर्षांनी वाचला. आता ज्यांच्या घरात भांडी स्टीलची त्यांच्यासाठी 'वण' आधी आणि 'डाख' त्याच्या मागे, हा तुझा क्रम बरोबर आहे, तो उलटा करू नकोस.

*

डिचोलीहून:

ओळ जोडली, सर. क्रमही तोच ठेवला. बाबांनी एक दुरुस्ती सांगितलीय, 'दिलेला डाख' नको, 'बसलेला डाख' लिही म्हणाले, कारण दिलेला प्रत्येक डाख बसतोच असं नाही.