पुण्यात मस्त चालणारी एस्टीम खोपोलीहून घाट चढताना नॉक करते, स्पीडुइनोवाल्यांनी मदत करा

एस्टीम_कोथरूड

नमस्कार मंडळी. गाडी २००१ ची एस्टीम, १.३ एमपीएफआय, बाबांनी नवी घेतलेली त्यामुळे विकायचा विषयच नाही. दोन वर्षांपूर्वी पावसात ओरिजिनल ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, पाणी गेलं, नाना पेठ पालथी घातली, जुने दोन मिळाले ते दोन्ही बाद निघाले, शेवटी स्पीडुइनो बसवला, म्हणजे ईसीएमच्या जागी बसणारा, स्वतः ट्यून करायचा ओपन सोर्स ईसीयू. क्रँक पुलीला ३६-१ चं टूथ व्हील (३६ दातांतला एक गाळलेलं, त्यावरून क्रँक कुठे आहे ते ईसीयूला कळतं) भोसरीच्या एका लेथवाल्याकडून करून घेतलं, वेस्टेड स्पार्क कॉइल आहे, एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) आहे, एक्झॉस्टमध्ये बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण म्हणजे एएफआर दाखवणारा सेन्सर, आकडा मोठा तितकं मिश्रण पातळ) आहे. बेस मॅप (किती पेट्रोल, कधी स्पार्क ह्याची सुरुवातीची टेबलं) नेटवरून घेतला, अशाच १.३ सुझुकी इंजिनाचा, कुणीतरी बाहेरच्या देशात केलेला. त्यावर ट्यूनरस्टुडिओ सॉफ्टवेअरचं ऑटोट्यून (गाडी चालताना वाइडबँड बघून पेट्रोलचं टेबल आपोआप सुधारणारं) लावून सहा महिने रोज ऑफिसला जाता येता आणि रविवारी कात्रज घाटात गाडी फिरवली. भाऊ शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचा, मी एकट्याने कधी केलं नाही. आता पुण्यात गाडी इतकी छान चालते की सकाळी पहिल्या सेल्फला स्टार्ट, फुल थ्रॉटलला वाइडबँड १२.६ दाखवतो, कुठे धक्का नाही काही नाही.

प्रॉब्लेम असा की गेल्या शनिवारी पनवेलला गेलो, येताना जुन्या हायवेने खोपोलीहून वर चढत होतो, शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली आणि टकटकटक असा आवाज, डब्यात खडे हलवल्यासारखा, म्हणजे नॉकिंग, मिश्रण अवेळी पेटल्याचा. लगेच पाय काढला. हाफ थ्रॉटलवर बाकीचा घाट चढलो तर काहीच आवाज नाही. कात्रजला ह्याहून जास्त वेळ फुल रेस दिलीय, तिथे एकदाही वाजलं नाही. पेट्रोल खराब असेल का? दोघातिघांनी सांगितलं की महागातलं ९५ ऑक्टेन टाक म्हणजे आवाज जाईल.

जुनं_लोखंड

पेट्रोल बदलायच्या आधी चारही प्लग काढून बघ. पोर्सेलिनवर बारीक चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं, तसं असेल तर गाडी हलवूच नको, आधी कॉम्प्रेशन चेक कर. आणि टायमिंग लाइट (स्पार्क नक्की कधी पडतो ते दाखवणारा दिवा) लावून बघितलंयस का? सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० डिग्रीला फिक्स करायचं आणि पुलीवरची खूण खरंच १० वर दिसते का ते बघायचं, मग ३००० पर्यंत रेस वाढवून खूण जागची हलत तर नाही ना तेही बघायचं. लेथवर केलेल्या व्हीलमध्ये ट्रिगर अँगल ४-५ डिग्री चुकला तरी स्क्रीनवर सगळं बरोबरच दिसतं.

एस्टीम_कोथरूड

दादा, प्लग काढले, स्वच्छ आहेत, ठिपके नाहीत, जीव भांड्यात पडला. टायमिंग लाइट मित्राकडून आणून बघितलं, १० ला १० आहे, ३००० ला पण हलत नाही.

बोरघाट_१२९८

लॉग आहे का त्या वेळचा? असेल तर आवाज आला त्या सेकंदाला एमएपी किती आणि एएफआर किती ते सांग. मला जवळपास खात्री आहे काय झालंय त्याची, पण आकडे बघितल्याशिवाय बोलत नाही. शिवाय व्हीई टेबल (इंजिन किती हवा भरतं, त्यावरून पेट्रोल ठरतं) आणि स्पार्क टेबलच्या (टायमिंगचं) वरच्या दोन ओळी ३२०० आरपीएमच्या आसपास काय आहेत ते पण दे.

एस्टीम_कोथरूड

लॉग आहे. ३२०० आरपीएम, एमएपी ९९, एएफआर १४.०. टेबलमध्ये एमएपी ९६ च्या ओळीत व्हीई ८२ आणि टायमिंग २४, १०० च्या ओळीत व्हीई ७१ आणि टायमिंग २९. अरे हे ७१ कुठून आलं, मी कधी बघितलंच नव्हतं.

बोरघाट_१२९८

तेच. बघ, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाबच ९४-९५ केपीए (किलोपास्कल) असतो. चावी ऑन करून इंजिन बंद ठेव आणि एमएपी वाच, तोच आकडा दिसेल. त्यामुळे पुण्यात तू ॲक्सिलरेटर कितीही दाबलास तरी मॅनिफोल्डमध्ये ९३-९४ च्या वर जाऊच शकत नाही, कात्रज चढताना तर अजून कमी. म्हणजे ह्या सहा महिन्यांत ऑटोट्यूनने ९६ पर्यंतच्या ओळी मस्त करून दिल्या पण १०० च्या ओळीला हातच लागला नाही, तिथे त्या परदेशी माणसाचा मॅप जसाच्या तसा पडून आहे. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, तिथे दाब १०० च्या आसपास, तू फुल रेस दिलीस आणि इंजिन पहिल्यांदाच त्या ओळीत गेलं. तिथे व्हीई एकदम ८२ वरून ७१ ला पडतं, म्हणून मिश्रण १४ पर्यंत पातळ झालं, आणि लोड वाढल्यावर टायमिंग कमी व्हायला पाहिजे ते उलट वाढलंय. पातळ मिश्रण आणि जास्त ॲडव्हान्स (स्पार्क लवकर) एकाच वेळी, त्यात चढ, तिसरा गिअर, मग वाजणारच. हाफ थ्रॉटलला एमएपी खाली राहतो, त्या ओळी तू ट्यून केलेल्या आहेत, म्हणून तिथे आवाज नाही.

हे मी इतकं लिहितोय कारण माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झालं होतं, मी तेव्हा पेट्रोल बदलून बदलून दोन महिने घालवले आणि शेवटी हेड गॅस्केट गेलं. ९५ ऑक्टेनने आवाज कदाचित दबेल पण फुल लोडला १४ चा एएफआर तसाच राहील आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजत बसतील.

उपाय दहा मिनिटांचा आहे. ९६ ते १०० मध्ये व्हीई जवळजवळ सपाट असतं, म्हणून ९६ ची अख्खी ओळ १०० मध्ये कॉपी कर आणि प्रत्येक खान्यात १ वाढव. टायमिंगची ओळ पण कॉपी कर आणि तिथे १ डिग्री कमी कर. मग ३डी ग्राफ उघडून बघ, कुठेही कडा तुटल्यासारखी दिसता कामा नये. बॅरो करेक्शनचा (बाहेरच्या हवेच्या दाबाप्रमाणे पेट्रोल कमीजास्त करणारा) कर्व्ह सध्या सपाट १०० ठेव. तुझ्याकडे वेगळा बॅरो सेन्सर नसेल तर बोर्ड चावी ऑन करताना एकदाच एमएपीवरून दाब वाचतो, गाडी बंद न करता घाट उतरलास तर त्याला वाटतं अजून पुण्यातच आहोत.

डिझेल_ते_पेट्रोल

ह्यात ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) पण विसरू नका. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एएफआर १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.६, म्हणजे इंधन ७-८ टक्के जास्त लागतं, बाहेरचे जुने बेस मॅप ह्यामुळे आपल्याकडे सगळीकडे पातळच पडतात. मग वाइडबँडवर फुल लोडला १२.६ ऐवजी ११.६ टार्गेट ठेवावं ना?

बोरघाट_१२९८

पहिला भाग एकदम बरोबर, ७१ इतकं कमी असण्याचं ते एक कारण असणारच. दुसरा भाग मात्र नको. वाइडबँड खरं तर लॅम्डा (पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे) मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, आत पेट्रोल असो नाहीतर ई२०. १२.६ म्हणजे लॅम्डा ०.८६, ते ई२० लाही ठीकच आहे. ११.६ केलंस तर लॅम्डा ०.७९ होईल, प्लग काळे, पिकअप मेलेला, पेट्रोल वाया. सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्ले लॅम्डावरच करून टाका, हा गोंधळच राहत नाही.

एस्टीम_कोथरूड

आज सकाळी लवकर जाऊन आलो, भाऊ लॅपटॉपवर. ओळ कॉपी केली, १ वाढवला, टायमिंग १०० ला २३ केलं. त्याच चढावर आधी दुसऱ्या गिअरमध्ये थोडं थोडं दाबून बघितलं, मग तिसऱ्यात पूर्ण. एमएपी ९९, एएफआर १२.५, आवाज शून्य. गाडी वर चढताना जी काही ओढत होती, पुण्यात एवढी ताकद मला कधी जाणवलीच नव्हती, बाबा मागे बसले होते ते म्हणाले नवीन घेतली तेव्हा अशी चालायची. खूप खूप आभार दादा.

एकच राहिलं. खोपोलीत वडापाव खायला वीस मिनिटं थांबलो, परत स्टार्ट केल्यावर आयडलला एक-दोन मिनिटं एएफआर १६ दाखवत होता आणि इंजिन हलत होतं, चालायला लागल्यावर आपोआप नीट झालं.

बोरघाट_१२९८

एअर टेम्परेचर सेन्सर मॅनिफोल्डवर बसवलायस का? तसा असेल तर उभ्या गाडीत तो धातूची उष्णता खातो, ईसीयूला वाटतं हवा ७० डिग्रीची आहे, म्हणजे विरळ आहे, म्हणून इंधन कापतो. सेन्सर काढून एअर फिल्टरच्या जवळच्या रबरी पाइपमध्ये टाक. ते होईपर्यंत हवेच्या तापमानाच्या करेक्शन टेबलमध्ये ५० डिग्रीच्या पुढची कपात निम्मी कर. बदलायच्या आधी आत्ताची फाइल तारीख घालून सेव्ह करून ठेव.