जागलीसाठी गाण्याचा प्लेयर: काय पाहून घ्यावं?

घाटंजीचा_पोट्टा
राम राम मंडळी. बाबासाठी गाण्याचा छोटा प्लेयर घ्यायचा हाये. बाबा हरभऱ्याच्या जागलीले रातभर मचाणावर रायते. फोन हाये त्याइच्याजवळ, पण गाण्यात त्याची बॅटरी संपवायची नाई, हा घरचा कायदा. टिपेश्वरचे वाघ इकडे फिरते, अडीनडीले फोन चालू पाह्यजे.

ऐकायचं काय, तर आमच्या मंडळाची खंजिरी भजनं आन् सप्त्यातली कीर्तनं. सारी मीच मोबाइलवर रेकॉर्ड केलेली. एकेक कीर्तन दोन-दोन तासाचं.

यवतमाळात दोन प्लेयर पाह्यले. एक चकाचक, टच स्क्रीन, ब्लूटूथ, डब्यावर '२४ बिट / १९२ किलोहर्ट्झ' सोनेरी अक्षरात. दुसरा जाडाभरडा: बटनं, स्वतःचा स्पीकर, एफएम, कार्ड टाकाची खाच. दुकानदार पयल्याच्याच मांगं लागला, आन् त्याचा भाव दुसऱ्याच्या तिप्पट. त्या सोनेरी अक्षराचे पैसे द्यावे काय?

सेलूकर
देऊ नका. हे आकडे आवाज किती बारकाईनं साठवला त्याचे. सीडीचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असतो, आणि त्यात त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकत नाही, उतारवयात तर त्याच्याही बरंच खाली थांबतो. आणि रेकॉर्डिंग मंडपात मोबाइलवर केलेलं! फाइलमध्ये जे आलंच नाही ते प्लेयर कुठून काढणार?

जागेचं म्हणाल तर १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी-थ्री मिनिटाला साधारण १ एमबी घेते. दोन तासांचं कीर्तन १२० एमबीत बसतं, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाचशे तासांवर. मोठं कार्ड हौसेनं घेऊ नका. कार्डावर फाइली मांडायच्या पद्धती असतात: ३२ पर्यंतची कार्डं फॅट-३२ मध्ये येतात, त्यावरची एक्सफॅटमध्ये, आणि पुष्कळ स्वस्त प्लेयर एक्सफॅट वाचतच नाहीत. अजून एक: मोबाइलचं रेकॉर्डिंग बहुतेकदा एम-फोर-ए या वेगळ्या प्रकारच्या फाइलीत असतं. साध्या प्लेयरला ते चालेल याचा भरवसा नाही, आधी एमपी-थ्री करून घ्या.

वायरमन_दादा
भाऊ, आंधी बॅटरी पाह्य. जाड्याभरड्याचं मांगचं झाकण उघडते का? आत बीएल-फाइव्ह-सी असली तं डोळे झाकून घे. जुन्या साध्या फोनची तेच बॅटरी, बाजारात कुठीबी भेटते. एक प्लेयरात, एक खिशात. चकाचकवाल्याची आतच चिकटवलेली रायते, फुगली का सारा डबाच भंगारात. आन् डब्यावर लिहिलेले तास बहुतेकदा हेडफोनवरचे अस्ते, स्पीकर लावला का कमीच भरते.

हेडफोन तं बाबाले देऊच नोको. कानात बोंडं घालून मचाणावर बसला तं डुक्कर कायले ऐकू येईन? स्पीकरचा आवाज पाह्यजे, जनावरालेबी समजते का इथी माणूस हाये. एक अडचण मातर हाये: पुष्कळ प्लेयरात हेडफोनची वायरच एफएमचा अँटेना अस्ते. दांडीवाला अँटेना हाये का पाह्यजो.

मोर्शीची_ताई
सासूबाईंसाठी असाच घेतला होता, म्हणून सांगते. डब्यावर लिहिलेलं नसतं तेच दुकानात तपासा. स्वतःचं कार्ड घेऊन जा, कीर्तन लावा, मधेच बंद करा, परत चालू करा. जिथं थांबलं तिथूनच सुरू झालं पाहिजे. नाहीतर बाबा रोज नमन ऐकतील आणि आख्यान कधीच नाही. डोळे मिटून बटणं दाबून बघा. आणि मराठी नावं उमटतात की नुसते चौकोन, तेही.

हौशी_श्रोता
जुना आयपॉड शोधा ना, आवाज लाजवाब!

घाटंजीचा_पोट्टा
हौशीभाऊ, पुष्कळ आयपॉडले स्पीकर नाई, आन् कार्ड तं कुठी? कंपनीनं २०२२ मध्ये तो बंदबी केला. जाऊ द्या.

ताई, कार्ड घेऊन गेलो होतो. चकाचकवाला थांबला तिथूनच सुरू झाला, पण अंधारात टच स्क्रीन बाबाच्या बोटाले दाद देणार नाई. मातीनं चिरलेली बोटं हायेत ते. जाड्याभरड्यात मराठी नावाचे चौकोनच दिसते. थांबला तिथून सुरू होते खरा, पण मधात एफएम लावलं का सारं इसरते. झाकण उघडते, बॅटरी वायरमन दादानं सांगतली तेच. अँटेना दांडीवाला.

तोच घेतो. फायलीले नावाऐवजी ०१, ०२ असे आकडे देतो. पण दोन तासाच्या कीर्तनाचे पंधरा-पंधरा मिनिटाचे तुकडे कसे करू? तेवढं झालं तं इसरला तरी बाबाले जास्त मांगं जावं लागणार नाई.

सेलूकर
विंडोजवर 'एमपी-थ्री-डायरेक्ट-कट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाइल पुन्हा कॉम्प्रेस न करता कापते, म्हणून आवाज आहे तसाच राहतो. नंबर मात्र ००१ पासून टाका. तुकडे शंभरावर गेले तर काही प्लेयर १०० ला ११ च्या आधी लावतात.