घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस कसा निवडला? इंदूरकरांचे अनुभव

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तेव्हापासून इंदूरच्या मराठी घरांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो आहे : आता अँटिव्हायरस कोणता घ्यायचा? सिल्वर मॉलमध्ये विचारावे तर प्रत्येक दुकानदार निराळे खोके पुढे करतो, आणि घरातल्या भाच्याला विचारावे तर तो ‘काही लागत नाही, मावशी’ म्हणून मोकळा होतो. म्हणून ज्यांनी स्वतः पारखून निवड केली आणि ती काही काळ वापरून पाहिली, त्यांनी इथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. नुसते नाव सांगून वाचणाऱ्याचा फारसा फायदा होत नाही. यंत्र किती जुने आहे, त्यावर कोण बसते, काय काम चालते आणि निवडताना काय पाहिले, हे कळले तर ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. तक्रार असल्यास दुकानाचे वा कंपनीचे नाव घेऊ नये, एवढी एक अट.

राजेंद्र नगर, निवृत्त बँक अधिकारी

माझ्या संगणकावर निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, डिमॅट खाते आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र एवढीच कामे होतात, पण तिन्ही पैशांची असल्यामुळे मी या बाबतीत पहिल्यापासून काटेकोर आहे. अनेक वर्षे क्विक हील वापरला. त्यात थोडा आपलेपणाचाही भाग होता : पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी हे काम उभे केले, पहिली आवृत्ती १९९५ साली डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या जमान्यात आली, आणि त्याने मला कधी दगा दिला नाही.

विंडोज ११ चा नवा लॅपटॉप आला, तेव्हा मात्र नूतनीकरण करावे की नाही हे नव्याने तपासले. जर्मनीतील माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या दोन प्रयोगशाळा ठरावीक काळाने अँटिव्हायरसची चाचणी घेऊन निकाल जाहीर करतात, आणि ते फुकट वाचता येतात. एव्ही-टेस्टमध्ये संरक्षण, यंत्राच्या वेगावर होणारा परिणाम आणि वापरातील सोय यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण असतात. सोयीच्या रकान्यात मुख्यतः खोटे इशारे, म्हणजे निर्दोष फाइलला विषाणू ठरवण्याचे प्रकार, मोजले जातात. संरक्षणाच्या रकान्यात वरच्या फळीतील नावांमध्ये, विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरससकट, फरक अगदी थोडा असतो. जाणवण्याजोगा फरक असतो तो वेगात आणि खोट्या इशाऱ्यांत, आणि जाहिरातीत नेमके त्याबद्दल कोणी बोलत नाही. एकाच निकालावर भुलू नये. मागचे काही निकाल ओळीने पाहावेत, म्हणजे कोणाची कामगिरी टिकाऊ आहे ते समजते.

डिफेंडरचे नाव काढले की अजूनही लोक नाक मुरडतात, कारण त्यांच्या डोक्यात त्याचे जुने रूप बसलेले आहे. २००९ साली मायक्रोसॉफ्टचा मोफत अँटिव्हायरस सिक्युरिटी इसेन्शियल्स या नावाने वेगळा उतरवून घ्यावा लागे. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हाच पूर्ण अँटिव्हायरस म्हणून यंत्रातच येऊ लागला. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. त्यामुळे पैसे देऊन घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली आणि तो तसाच पडून राहिला, तर सध्या पहाऱ्यावर नक्की कोण आहे हे विंडोज सिक्युरिटीच्या पानावर जाऊन डोळ्यांनी पाहावे, आणि संपलेला अँटिव्हायरस काढून टाकावा. मी डिफेंडरवरच थांबलो. वाचलेल्या पैशांत बाहेरची हार्ड डिस्क आली.

सुदामा नगर, घरून हिशेबाचे काम

काकांचे म्हणणे घरगुती वापरापुरते मला पटते, पण ज्या संगणकावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, जीएसटीची विवरणपत्रे आणि ग्राहकांच्या डिजिटल सहीचे टोकन (पेन ड्राइव्हसारखे छोटे उपकरण) चालते, त्याचे गणित वेगळे असते. आमच्याकडे खरी डोकेदुखी विषाणूंपेक्षा खोट्या इशाऱ्यांची होती. ऐन विवरणपत्राच्या मुदतीच्या दिवसांत एका पैसे देऊन घेतलेल्या अँटिव्हायरसने सहीच्या टोकनासोबत येणारा छोटा प्रोग्राम संशयित ठरवून बंदिस्त केला, आणि सही होईना. अशा वेळी मदतीला येणारा तंत्रज्ञ हमखास संपूर्ण डी ड्राइव्हच तपासणीतून वगळून देतो, म्हणजे पुन्हा फोन नको. माझ्या मते हे अँटिव्हायरस नसण्यापेक्षा वाईट आहे, कारण आपण निर्धास्त असतो आणि तिकडे कोणी बघतही नसते. फाइल अधिकृत संकेतस्थळावरून आलेली आहे याची खात्री करून तेवढी एकच फाइल वगळावी.

दुसरी गोष्ट खंडणीच्या विषाणूंची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्यांची. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी अपडेट वेळेवर घेतले होते त्यांच्याकडे ती फट उरलीच नव्हती, मग अँटिव्हायरस कोणताही असो. आमच्या इमारतीतील एका कुटुंबाला मात्र वेगळ्याच दाराने फटका बसला. मुलाने फोटो सजवण्याचे महागडे सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडून फुकटात, बसवले, आणि ते बसवण्याच्या सूचनांतील पहिलीच ओळ होती : आधी अँटिव्हायरस बंद करा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक छायाचित्राच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरांचे शेपूट लागलेले होते, फाइल उघडत नव्हती, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक चिठ्ठी होती : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क साधला तर ४९०. हा स्टॉप किंवा डीजेव्हीयू घराण्याचा विषाणू. एम्सीसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने त्यावर सोडवणुकीचे मोफत साधन दिलेले आहे, परंतु नव्या प्रकारांत ते चालते फक्त तेव्हाच, जेव्हा विषाणूला आपल्या सर्व्हरशी बोलता आलेले नसते आणि त्याने फाइली कुलूपबंद करायला स्वतःजवळची ठरावीक किल्ली (सांकेतिक संख्या) वापरलेली असते. या घरात तसे झाले नव्हते. मुंजीची आणि लग्नाची छायाचित्रे गेली ती गेलीच.

त्यानंतर मी डिफेंडरमधले ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू केले. ते मुळात बंद असते. अनोळखी प्रोग्रामला ठरावीक फोल्डरमध्ये लिहू न देणे हे त्याचे काम. पहिल्याच दिवशी त्याने टॅलीलाही अडवले, तेव्हा परवानगीच्या यादीत टॅलीचे नाव हाताने घालावे लागले. ही कटकट एकदाच होते. महिन्याची नोंद संपली की डेटा बाहेरच्या डिस्कवर घेते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीवाल्याच्या तावडीत यंत्राबरोबरच सापडते.

भंवरकुआँ, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता, तरी सांगतो. आमच्या खोल्यांमध्ये रोग येतो तो पेन ड्राइव्हमधून, आणि पेन ड्राइव्ह बिघडतो प्रिंटच्या दुकानात. घरी येऊन लावला की सगळे फोल्डर जागेवर दिसतात, फक्त त्यांच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो आणि आकार असतो एक-दोन केबी. खरे फोल्डर लपवलेले असतात, आणि बाणावर क्लिक केले की विषाणू चालू होतो. क्लिक न करता आधी पेन ड्राइव्हवर उजवी कळ दाबून डिफेंडरने तपासणी करावी, आणि मग कमांड प्रॉम्प्टमधून (विंडोजची आज्ञा टंकायची खिडकी) ‘ॲट्रिब’ आज्ञेने लपवलेले फोल्डर परत आणावेत. नोट्स बहुधा सुखरूप मिळतात. आता मी प्रिंटसाठी निराळा, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवतो.

अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे पाहायचे असेल, तर आयकार नावाची निरुपद्रवी चाचणी-फाइल मिळते. त्यात फक्त ६८ अक्षरे असतात आणि अँटिव्हायरसने तिच्यावर ओरडावे असा या व्यवसायातला संकेत आहे. मित्राच्या लॅपटॉपवर ती ठेवली आणि काहीच झाले नाही. फुकटचे विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करणाऱ्या साधनाने त्याचा डिफेंडर केव्हाच बंद पाडलेला होता.

तिलक नगर, आईवडिलांचा संगणक दुरून सांभाळणारी मुलगी

मी पुण्याला असते आणि बाबा इंदूरला, त्यामुळे निवड करताना माझा पहिला प्रश्न असा होता की बाबा एकटे असताना पडद्यावर भीतीदायक काही आले तर काय होईल. उजव्या कोपऱ्यात रोज ‘तुमचे संरक्षण संपले आहे, लगेच नूतनीकरण करा’ अशा लाल चौकटी येत होत्या, एका नामांकित अँटिव्हायरसच्या चिन्हासकट. तो अँटिव्हायरस त्या यंत्रावर कधी नव्हताच. कुठल्याशा संकेतस्थळाने क्रोमकडून सूचना पाठवण्याची परवानगी मिळवली होती, एवढाच प्रकार. क्रोमच्या सेटिंगमधील सूचनांच्या यादीतून ती तीन-चार अनोळखी नावे काढली आणि चौकटी थांबल्या. ज्यांच्या घरी हे होत असेल त्यांनी नवा अँटिव्हायरस घेण्याआधी ही यादी पाहावी.

दुसरा प्रकार अधिक घातक : सगळा पडदा व्यापणारे पान, भोंगा, आणि ‘मायक्रोसॉफ्टचा’ म्हणून एक दूरध्वनी क्रमांक. मायक्रोसॉफ्ट अशा इशाऱ्यात क्रमांक देत नाही. एस्केपची कळ दाबून धरली की पान लहान होते, नाही झाले तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून ब्राउझर बंद करता येतो. फोन केला तर पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखे, दुरून आपला संगणक चालवू देणारे साधन बसवायला सांगतो, आणि मग खात्याला वाट फुटते. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर कळवावे. जितके लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक. हा क्रमांक मी बाबांच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवला आहे.

राजेंद्र नगरच्या काकांशी माझा मतभेद इथे आहे. बाबांसाठी मी पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरसच ठेवला, कारण फसवी पाने तो क्रोममध्येही अडवतो आणि एकाच परवान्यात दोघांचे फोनही बसतात. घेताना दुसऱ्या वर्षाचा दर पाहिला, कारण पहिल्या वर्षाची सवलत पुढे राहत नाही, आणि खात्यातून आपोआप नूतनीकरण होण्याचा पर्याय त्याच दिवशी बंद केला. बाबांचे संगणकावरचे रोजचे खाते साधे आहे; नवे काही बसवायला लागणारा प्रशासकाचा पासवर्ड माझ्याकडे. याचा उपयोग अँटिव्हायरसपेक्षाही जास्त झाला, असे मला वाटते. बाबांना ते प्रारंभी रुचले नाही, हेही खरे.

वैशाली नगर, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी

‘फुकट’ या शब्दाकडे जरा नीट पाहावे. मोफत अँटिव्हायरस देणाऱ्या अव्हास्टने वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकल्याचे २०२० साली उघड झाले, जंपशॉट बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहिताची सरकारी संस्था) १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही नावे आता जेन डिजिटल या एकाच कंपनीखाली आहेत, तेव्हा चार खोक्यांची तुलना करताना हे ध्यानात असू द्यावे. अमेरिकेने २०२४ मध्ये कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली ती सुरक्षेच्या आणि राजकारणाच्या कारणावरून. प्रयोगशाळांच्या चाचण्यांत त्याचे गुण चांगलेच असत.

एखाद्याच फाइलबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसकडून तपासून घेता येते. तिथे चढवलेली फाइल इतरांच्याही हाती लागू शकते, म्हणून बँकेचे उतारे किंवा आधारची प्रत कृपा करून तिथे टाकू नये.

लोकमान्य नगर, शिक्षिका

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नव्हता, आणि अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी सुरू झाली की माउससुद्धा अडकत असे. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली. मराठी टंकलेखन, प्रिंटर आणि यूट्यूब व्यवस्थित चालते. अँटिव्हायरस बसवलाच नाही. अपडेट मात्र न चुकता घेते.

विनंती करणाऱ्याकडून

रामबागेतून एका काकूंनी विचारले आहे : विंडोज १० वरच राहायचे आहे आणि डिफेंडरची अपडेट अजून रोज येतात, तर मग काळजी कशाची? डिफेंडरच्या विषाणू-व्याख्या विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे, ते खरे. पण व्याख्या म्हणजे ओळखीच्या चोरांची यादी. खिडकीचा तुटका गज त्याने दुरुस्त होत नाही, आणि वॉनाक्राय अशाच गजातून आत आला होता. गज दुरुस्त करणारी अपडेट हवी असतील, तर सेटिंगमधील विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षेची नोंदणी करावी लागते. घरगुती यंत्रांना तिने ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळते, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर नोंदणीला पैसे पडत नाहीत. काकूंनी आधी ही नोंदणी करून घ्यावी आणि अँटिव्हायरसच्या खोक्याचा विचार त्यानंतर करावा. विंडोज ११ न घेणारी जुनी यंत्रे त्या मुदतीनंतर कोणी कशी चालवणार आहे, हे ज्यांनी ठरवले असेल त्यांनी पुढे लिहावे.