रँक म्हणजे माजलेलं

अति वाढलेल्या तणा-झाडाला इंग्रजीत 'रँक' (rank) हे विशेषण लावतात; त्याला मराठीत कुणी 'घनदाट' हा शब्द सुचवलाय, ते पटत नाही. घनदाट म्हटलं की कौतुक आलं. 'रँक'मध्ये नाक मुरडणं आहे. आमच्या करवीर भागात त्याला सरळ 'माजलेलं' म्हणतात. गेल्या साली उसाला युरियाचं एक पोतं जादा टाकलं. पाला काळाभोर, वाढ झकास, आणि आषाढातल्या वाऱ्यापावसात सगळा फड लोळला. बाबा म्हणाले, "ऊस न्हवं, माज वाढवलास."

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'गर्विष्ठ' असाच होता. अतिवाढ, कुबट वास हे अर्थ मागनं चिकटले. म्हणजे माज आधी माणसाचा, मग तणाचा! दर्जा या अर्थाचा 'रँक' मात्र वेगळा, तो फ्रेंचमधून आलेला.