‘डिटरन्स’ला ‘वचक’ म्हणावं का?

अनुवादिका: क्युबाच्या पेचप्रसंगावरचा, म्हणजे क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले होते, ऑक्टोबर १९६२ मधल्या त्या तेरा दिवसांवरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘डिटरन्स’, म्हणजे उलट तडाख्याच्या भीतीने शत्रूला हल्ल्यापासून परावृत्त करणं, हा शब्द पानोपानी येतो. मी ‘वचक’ लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे खोडून ‘प्रतिरोधन’ केलं. ‘प्रतिरोध’ म्हटलं की कुणीतरी चालून आलंय आणि आपण अडवतोय, असं डोळ्यांपुढे येतं. इथे तर शत्रू चालून येतच नाही, बेत त्याच्या मनातच मोडतो. काय करावं?

जुना वाचक: संपादकांचं बरोबर आहे. परिभाषेला एकच नेमका अर्थ लागतो. वचक मास्तरांचा असतो, फौजदाराचा असतो. अण्वस्त्रांपुढे तो फार घरगुती वाटतो. शिवाय ‘प्रतिरोधन’वरून ‘प्रतिरोधक’ होतो. ‘वचक’वरून काय पाडणार?

शब्दवेडी: ‘वचकून असणे’ आपण रोज म्हणतो की! आणि जोडीची क्रियापदं बघा. धाक दाखवतात, धाक घालतात. वचक दाखवता येत नाही, तो बसावा लागतो आणि बसतो समोरच्यावर. आमच्या मुख्याध्यापकांनी कधी छडी उचलली नाही, पण व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की वर्ग चिडीचूप. त्यांच्या जागी आलेले सर रोज टेबलावर छडी आपटायचे. महिन्याभरात पोरं त्या तालावर बाक वाजवायला लागली. धाक भरपूर होता, वचक नव्हता.

अनुवादिका: हेच तर लेखात आहे! २७ ऑक्टोबरला अमेरिकी युद्धनौकांनी बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीभोवती सरावाचे छोटे स्फोटक गोळे टाकले. त्यांच्या लेखी तो ‘वर या’ असा इशारा होता. आत उकाड्याने जीव नकोसा झालेला, मॉस्कोशी संपर्क नाही, वर युद्ध पेटलं की काय असं वाटलेलं, आणि जवळ अण्वस्त्राचा टॉर्पेडो. पाणबुडीवरचे अधिकारी वासिली आर्खिपोव यांनी तो सोडायला विरोध केला म्हणून निभावलं. पाठवणाऱ्याचा इशारा एक, ऐकणाऱ्याच्या कानी पडला तो दुसराच. ‘प्रतिरोधन’मध्ये हा ऐकणारा कुठेच दिसत नाही.

व्युत्पत्तिप्रेमी: मुळात लॅटिन ‘तेर्रेरे’ म्हणजे भिववणे. ‘टेरर’ त्याच कुळातला. त्या हिशेबाने भाषांतर ‘दहशत’ व्हायला हवं. पण तो शब्द दहशतवादाने पळवला. ‘जरब’ घ्या. अरबीत त्याचा अर्थ तडाखा.

जुना वाचक: पुन्हा अरबी कशाला? संस्कृतात धातू कमी आहेत का?

व्युत्पत्तिप्रेमी: मघाशी आपण लिहिलेला ‘फौजदार’ कुठला? चारशे वर्षं वापरलेला शब्द आपलाच. आणि ‘दरारा’ संस्कृत ‘दर’ म्हणजे भीती यावरून आला असावा, असा माझा जुना तर्क आहे.

शब्दवेडी: दरारा माणसाचा असतो, शस्त्राचा नाही. आणि तडाखा बसल्यावरची ती जरब. डिटरन्समध्ये तडाखा द्यायची वेळ आली की सगळंच फसलं.

शेतकरीपुत्र: तसं नाही ताई. ज्वारी हुरड्यात आली की आम्ही माळ्यावर उभे राहून पाखरं राखायचो. बुजगावण्याला पाखरं चार दिवस बुजतात, पाचव्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसतात. गोफणीचं वेगळं. सकाळी दोन-चार खडे खरंच सोडायचे, मग दुपारपर्यंत नुसती फिरवून दोरीचा फटकारा काढला तरी थवा उठतो. पण नुसत्या फटकाऱ्यावर दिवस काढला, तर संध्याकाळी पाखरं हलत नाहीत. आजा म्हणायचा, “पाखराला हूल कळती.”

अनुवादिका: ‘हूल’! लेखात ‘ब्लफ’ सात वेळा आलाय आणि मी ‘पोकळ धमकी’ लिहून ठेवलंय. आजच बदलते.

जुना वाचक: हूल म्हणजे चकवा. तो पत्त्यांतल्या ‘ब्लफ’ला चालेल, राजनीतीत ‘पोकळ धमकी’च हवी.

शब्दवेडी: कबड्डीत चढाई करणारा हूल देतो ती पोकळ धमकी असते का?

शेतकरीपुत्र: आमच्याकडे बैलालाही हूल देतात. बरं, त्या दोरीच्या आवाजाला तुमच्या भागात काय म्हणतात? आम्ही फटकारा म्हणतो, पण मावशीच्या गावाला दुसराच शब्द ऐकला होता. तो काही आठवत नाही.